न काढलेला धूर

नसोम्बा गावच्या शाळेचं हजेरीपुस्तक पाहिलं तर मोठ्या पोरींना गुरुवारी सुट्टी असते असंच कुणालाही वाटेल. सुट्टी नसायची. शाळा भरायची, मास्तर यायचे, घंटा व्हायची. फक्त पोरी नसायच्या. गुरुवार हा दळणाचा वार होता, आणि गिरणी नदीपलीकडे अकरा किलोमीटरवर होती.

पूर्वी ती अलीकडेच होती, नाक्यावर. वादळाच्या वर्षी नदीनं पूल नेला, नाका नेला, गिरणी नेली, आणि फालेसीच्या घराची एक भिंत नेता नेता तिच्या उजव्या खांद्यावर ठेवून गेली. पूल सरकारचा होता, त्यामुळे तो अजून यायचा होता. भिंत फालेसीची होती, ती तिनं पाणी ओसरल्यावर महिन्याभरात उभी केली. खांदा तेवढा कुणीच हाती घेतला नाही. हात छातीपर्यंत यायचा, त्याच्या वर जायचा नाही.

म्हणून डोक्यावरचा टब ती हातानं धरत नसे. मानेवर तोलून चालायची. मागून तामांदानी. पोरगी आठवीत, आईपेक्षा चार बोटं उंच, डोक्यावर आईपेक्षा मोठा टब.

"मास्तर म्हणाले, महिनाअखेर परीक्षेची नावं पाठवायचीत," तामांदानी म्हणाली.

"मग?"

"ज्यांची हजेरी कमी त्यांची नाही पाठवणार."

"तुझी किती कमी?"

"गुरुवारांएवढी."

ऑक्टोबरातलं ऊन सकाळी आठलाच मानेवर बसलं होतं. दोन्ही बाजूंच्या रानांत बाया कुदळीनं सऱ्या ओढत होत्या. तिच्या रानातल्या सऱ्या अर्ध्याच झाल्या होत्या. नवरा लास्टन चहाच्या मळ्यावर कामाला होता, तो पाऊस पडल्यावर येणार होता, म्हणजे सऱ्या झाल्यावर.

गिरणीवाल्यानं त्यांना लांबूनच ओळखलं.

"आल्या, दिवाबत्तीच्या गावच्या बाया आल्या," तो रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला. "काय गं, तुमच्याकडे रस्त्यावर दिवे लागतात म्हणे. मग त्या उजेडात दळत का नाही?"

रांग हसली. फालेसीही हसली, कारण गिरणी त्याची होती.

दुपारी दोनला नंबर लागला. परतताना नदीच्या उतारावर, जिथून पायी ओलांडतात तिथं, पाणी घोट्याएवढंच होतं, पण शेवाळलेल्या दगडानं कधी खोली पाहिली आहे? पाय सरकला. दुसरी कुणी असती तर हात वर नेऊन टब सावरला असता. फालेसीचा हात छातीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. टब पुढे कलला, आणि आठवड्याचं पीठ नदीनं घेतलं.

ती पाण्यात बसून राहिली. पांढरा थर हळूहळू खाली सरकत गेला. काठाची बारकी मासोळी गोळा झाली.

"यांची सोय झाली," तामांदानी म्हणाली. मग आपला टब काठावर ठेवून तिनं आईला काखेत हात घालून उठवलं आणि अर्धं पीठ आईच्या टबात ओतलं. त्या आठवड्यात घरात एक वेळ जेवण झालं.

---

खरं म्हणजे नसोम्बात गिरणी होती.

फालेसीच्या घरामागे, आंब्याखाली, निळ्या ताडपत्रीत. तेवीस बायकांनी तीन हंगाम आपापल्या तुरीतली एकेक पाटी बाजूला काढली होती, आणि त्या तुरीच्या पैशांत त्यांनी एक जुनं डिझेल इंजीन, पट्टा आणि पीठ काढायचा डबा घेतला होता. बाराजणींनी बांबूवर टांगून ते उतारातून आणलं होतं. एलुबी आजी पुढे नाचत होती, मयताला नाचतात तशी नाही, लग्नाला नाचतात तशी.

दुसऱ्या दिवशी मुखियांनी त्याच्या चाकात साखळी घालून कुलूप लावलं.

कारण कागद होता. तो कसा झाला हे सांगितलं तर बाहेरचा माणूस हसेल. त्याला आमच्याकडच्या बैठका माहीत नाहीत. बैठक कशाचीही असो, मलेरियाची, मतदानाची, शौचालयाची, शेवटी एक कागद फिरतो. त्यावर अंगठा लावायचा, की साबणाची वडी आणि थंड पेयाची बाटली मिळते. ती हजेरी असते. कागद वाचून बघावा असं आजवर कुणाला वाटलं नाही. बाटली थंड असेतोवर प्यायची असते.

प्रकल्पाच्या बैठकीला असाच कागद फिरला. प्रकल्पाचे साहेब, कम्वेंडो, शहरातून पांढऱ्या गाडीनं आले होते. झाडं तोडायची नाहीत, कोळसा पाडायचा नाही, नदीकाठी रोपं लावायची, असं त्यांनी सांगितलं. यात वावगं काहीच नव्हतं. नदीनं अर्धा गाव नेल्यावर काठी झाडं हवीत हे कळायला साहेब लागत नाहीत. बदल्यात शाळेच्या दोन खोल्यांवर पत्रे आणि रस्त्यावर उन्हावर चालणारे चार दिवे मिळणार होते.

"पण हे पैसे देणार कोण?" एलुबी आजीनं विचारलं होतं.

"आजी, जो धूर तुम्ही काढणार नाही, तो आम्ही बाहेरच्या देशात विकणार."

"न काढलेला धूर?"

"हो."

"घेतं कोण असला माल?"

"ज्यांचा काढून झालाय असे लोक."

आजीनं जरा विचार केला. "मग माझी कोंबडी दोन महिने बसून आहे. तिनं न घातलेल्या अंड्यांचंही विचारा त्यांना."

सगळी बैठक हसली, साहेबही हसले. मग कागद फिरला. त्या दिवशी दोन कागद होते, एकाखाली एक. वरचा हजेरीचा. खालच्यावर लिहिलं होतं की गावच्या हद्दीत वीस वर्षं नवीन इंजीन पेटणार नाही. त्रेचाळीस अंगठे लागले आणि एक सही. सही फालेसीची होती. तिला लिहिता येत होतं आणि त्याचा तिला अभिमान होता, म्हणून तिनं सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, पूर्ण नाव घातलं होतं. त्या दिवशीची बाटली तिनं जपून ठेवली होती. आता तिच्यात मीठ होतं.

---

नदीत पीठ गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मामाकडे गेली. गावचं नाव नसोम्बा आणि गावच्या मुखियाचंही नाव नसोम्बाच. जो त्या खुर्चीवर बसेल त्याला ते लागतं. सध्या ते फालेसीच्या सख्ख्या मामाला लागलं होतं. तो अंगणात सायकल उलटी करून पंक्चर काढत होता. कुलपाची किल्ली गळ्यात दोरीला.

ती दारात गुडघ्यांवर बसली, दोन टाळ्या वाजवून नमस्कार केला. रीत पाळली की पुढचं बोलायला मोकळीक मिळते.

"मामा, किल्ली द्या."

"बस, पाणी पी."

"पाणी काल पुष्कळ पिऊन झालं. आठवड्याच्या पिठाबरोबर."

मामानं ट्यूबवर थुंकी लावून बुडबुडा पाहिला. "ऐकलं मी. तुझी मामी पाठवेल थोडं पीठ."

"पीठ नको, किल्ली द्या."

"फालेसी, दुसऱ्या खोलीचे पत्रे यायचेत अजून. इंजीन पेटलं की ते आलेच नाहीत असं समज. पोरं उन्हात बसतील ती मला शिव्या देतील, तुला नाही."

"पोरी गुरुवारी कुठंच बसत नाहीत, मामा. त्यांना पत्रे कशाला?"

"कागदावर पहिलं नाव तुझंच आहे."

"म्हणून तर मीच आले."

तो वाईट माणूस नव्हता. दोन्हीकडच्या चुलीवर एकेक पाय ठेवून उभं राहायचं, आणि भाजतंय हे चेहऱ्यावर दाखवायचं नाही, हेच मुखियाचं काम असतं.

"तुमच्यामागे त्या खुर्चीवर माझा भाऊ बसायचाय," फालेसी उठता उठता म्हणाली. "तो तुमच्या बहिणीच्या पोटचा, म्हणून. गाव बहिणींच्या पोटातून पुढे जातं, आणि बहिणींनीच उखळापाशी मरायचं, होय?"

"मरायचं काय त्यात," मामा सायकलशी बोलला. "आपल्या आज्या कांडूनच जगल्या."

"आज्या पस्तिशीत म्हाताऱ्या झाल्या. जगल्या म्हणजे काय, मोजायला कुणी आलं नव्हतं एवढंच."

---

सोमवारी पांढरी गाडी आली. कम्वेंडोसाहेब फार आनंदात होते. ज्या देशात गावाचा धूर विकला गेला होता तिथली एक बाई शुक्रवारी गाव बघायला येणार होती. टोरिल मॅडम. तिला पसंत पडलं तर आणखी सात गावं प्रकल्पात येणार होती.

"चांगलं स्वागत पाहिजे," साहेब म्हणाले. "गाणी. रोपांना पाणी घालताना फोटो. आणि जेवण. आपला साधा न्सिमा आणि कोंबडी. पीठ मात्र पांढरं पाहिजे, कोंड्याचं नको. गावाची इज्जत आहे."

न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि त्याला पांढरं पीठ म्हणजे आधी मका उखळात कांडून साल काढायची, मग भिजत घालायचा, वाळवायचा, पुन्हा दळायचा. साहेबांच्या तोंडून हे सगळं एका शब्दात निघालं.

"साहेब," फालेसी म्हणाली, "उन्हावर दिवे लागतात. उन्हावर गिरणी चालते का?"

"चालते की. का नाही चालणार?"

"मग ती द्या. ताडपत्रीखालचं इंजीन मी स्वतः उचलून तुमच्या गाडीत घालते."

"ती दुसऱ्या टप्प्यात आहे."

"दुसरा टप्पा कधी?"

"पहिला यशस्वी झाला की."

"आणि पहिला यशस्वी कधी होतो?"

साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, तुम्हाला मोठं चित्र दिसत नाही. हवा बिघडलीय. अशी वादळं का येतात माहितीय तुम्हाला?"

"वादळ मला शिकवू नका. ते अजून माझ्या खांद्यात राहतंय, भाडं न देता."

"मग तर तुम्हीच इतरांना समजावलं पाहिजे."

"समजावते की. नदीकाठची चाळीस रोपं मी लावलीत, एक जळू दिलं नाही. पण ती वाढेपर्यंत माझ्या पोरीनं काय वाहायचं तेवढं सांगा."

साहेबांनी तामांदानीच्या वर्गावरचे पत्रे दाखवले. खरंच चांगले होते, चकचकीत. गाडी निघताना ड्रायव्हर फायसन काच खाली करून हळूच म्हणाला, "ताई, पलीकडच्याच गावचा मी. माझी आईही गुरुवारी तिथंच असते. रांगेत."

---

हातपंपावर बायका जमल्या तेव्हा प्रश्न एवढाच होता की पाहुणीसाठी कुणी किती कांडायचं. मोठा पाहुणा यायचा असला की आदल्या तीन दिवशी घराघरातून मुसळं वाजतात; आवाजावरून शेजारच्या गावाला कळतं कोण येतंय.

"मी नाही कांडणार," फालेसी म्हणाली.

"तुझा हातच चालत नाही," एलुबी आजी म्हणाली. "त्यात काय मोठं? तामांदानी कांडेल."

"तीही नाही कांडणार."

बादल्या भरायच्या थांबल्या.

"अगं, पाहुणी उपाशी जाईल," एक जण म्हणाली. "मुखियाच्या अंगणातून पाहुणा उपाशी गेला तर दहा गावं थुंकतील."

"उपाशी कशाला? आपण वाढू की. आहे ते वाढू. कोंबडी शिजवू, मका वाढू. दाणे. फक्त दळायचं राहिलेलं."

आमच्याकडे नवऱ्याला सोडता येतं, मुखियाशी भांडता येतं, देवाला बोल लावता येतो. पाहुण्यापुढे कच्चा दाणा ठेवता येत नाही. ते कुणी कधी केलंच नव्हतं, म्हणून त्याला शिक्षाही ठरलेली नव्हती.

"पत्रे जातील," दुसरी म्हणाली.

"जातील," फालेसी म्हणाली. "मी खोटं कशाला सांगू? गेले तर गवत आहे. गवत शाकारायला आपल्याला येतं. आजवर कधी कुणाच्या सहीनं शाकारलंय का आपण?"

एलुबी आजीनं बादली उचलली, डोक्यावर ठेवली, तोल पाहिला. तिला आता किती वर्षं झाली होती ते तिलाही माहीत नव्हतं. गावात सगळ्यांत जुनं उखळ तिचं होतं.

"माझ्या उखळाला चीर गेलीय," ती म्हणाली.

"कधी गेली?"

"जाईल आज संध्याकाळी."

बुधवारी गाव शांत होतं. गुरुवारी शांत होतं. मामा दोनदा अंगणात येऊन उभा राहिला, कान देऊन, आणि परत आत गेला. बायकोला विचारलं, तर मामी म्हणाली तिची दाढ दुखतेय आणि दाढदुखीत मुसळ उचलत नाहीत. हे त्यानं यापूर्वी ऐकलं नव्हतं.

---

शुक्रवारी सगळं ठरल्यासारखं झालं. गाणी झाली. टोरिल मॅडम उंच, लालबुंद, घामानं निथळत होती, पण नदीकाठापर्यंत चालत गेली आणि प्रत्येक रोपाला वाकून पाहिलं. दिवसा दिवे लागत नसल्यामुळे दिव्यांचे नुसते खांब पाहिले. दुपारी एकच्या सुमाराला आंब्याखाली चटया पडल्या. चारला निघायलाच हवं होतं. वरच्या डोंगराकडे आभाळ भरलं होतं, आणि उताराला पाणी आलं तर गाडी गावातच राहणार होती.

फालेसीनं गुडघ्यांवर बसून एकेकाच्या हातावर पाणी घातलं. डाव्या हातानं घातलं, उजवा चालत नव्हता. मग झाकलेल्या थाळ्या आल्या. कोंबडीच्या रश्श्याचा वास सुटला होता. मामानं पाहुणीच्या थाळीवरचं झाकण स्वतः उचललं.

थाळीत मक्याचे दाणे होते. निवडलेले, धुतलेले, पांढरे, एक खडा नाही.

मामानं झाकण परत ठेवलं. जणू पुन्हा उघडल्यावर दुसरं काही निघेल. मग साहेबांच्या थाळीचं उचललं. तिथंही तेच.

मॅडमनं काहीतरी विचारलं. कम्वेंडोसाहेबांनी बरंच लांब उत्तर दिलं, हातवारे करून. फालेसीनं मागे पाहिलं. तामांदानी तिच्या कानाशी वाकली.

"साहेब सांगतायत ही आपली परंपरा आहे. जेवणाआधी पाहुण्याला धान्य दाखवतात. ते पवित्र असतं."

मॅडमनं आदरानं मान लववली, एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला. कडाक्कन आवाज झाला. तिनं गालाला हात लावला, पण थुंकली नाही. चांगल्या घरची होती.

"तिला सांग, परंपरा नाही," फालेसी म्हणाली. "सांग, हे जेवण आहे. दळायचं राहिलंय."

तामांदानी उठून उभी राहिली. तिची इंग्रजी कुठं अडली नाही. मास्तरांनी सोमवार ते बुधवार आणि शुक्रवार शिकवलेली होती ती. साहेब मध्येच बोलायला लागले तशी मॅडमनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि पोरीला पुढे विचारलं.

"ती विचारतेय, दळलं का नाही?"

"सांग, गिरणी अकरा किलोमीटरवर आहे. पूल नाही. इथं आमची गिरणी आहे, तिला तुमच्या कागदाचं कुलूप आहे."

पोरीनं सांगितलं. मग मॅडम साहेबांकडे वळली आणि बराच वेळ हळू आवाजात बोलली. साहेब मुखियाकडे वळले आणि मोठ्या आवाजात बोलले.

"नसोम्बा, हा काय प्रकार आहे? आत्ताच्या आत्ता बायकांना कांडायला लावा."

मामा उठला. अपमान झाला की तो फार सरळ उभा राहत असे. "एलुबी," तो म्हणाला, "मुसळं काढा."

"शुक्रवारी आम्ही कांडत नाही, मुखिया," एलुबी आजी म्हणाली.

"कधीपासून?"

"आजपासून. आणि माझ्या उखळाला चीर आहे."

बाकीच्या बायका जमिनीकडे बघत होत्या. हसू आलं की आमच्याकडे जमिनीकडे बघतात. मामानं एक एक करून सगळ्यांकडे पाहिलं, स्वतःच्या बायकोकडेही. मामीनं गालावर हात धरला.

वर डोंगरात गडगडलं. मामानं थाळीकडे पाहिलं, पाहुणीकडे पाहिलं. ती घाम पुसत उपाशी बसली होती, आणि तिच्या उपाशी बसण्याला दहा गावांत त्याचंच नाव लागणार होतं. त्यानं गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली.

"फालेसी, इंजिनात तेल आहे?"

"थेंब नाही, मामा. शहरातच पंप कोरडे आहेत महिनाभर."

"मग किल्ली घेऊन काय चाटायचीय?"

फालेसी नुसती पांढऱ्या गाडीकडे बघत राहिली. मग मामानं बघितलं. मग हळूहळू सगळ्या बायकांनी बघितलं.

"नाही," कम्वेंडोसाहेब म्हणाले. "अजिबात नाही. ती प्रकल्पाची गाडी आहे."

"आम्हीही प्रकल्पाचेच आहोत ना?" एलुबी आजी म्हणाली.

फायसन तोवर सीटखालची रबरी नळी काढून उभा होता. नळी का ठेवतोस असं ड्रायव्हरला विचारत नसतात. त्यानं साहेबांकडे पाहिलं नाही, मॅडमकडे पाहिलं. मॅडमनं पोरीला विचारलं.

"ती विचारतेय, किती लागेल?"

फालेसी घरात गेली. बाटलीतलं मीठ वाटीत ओतलं, बाटली पदरानं पुसली आणि आणून साहेबांपुढे धरली.

"अशा चार," ती म्हणाली. "ओळखलीत का साहेब? सहीच्या दिवशीची. तुम्हीच दिली होतीत."

मॅडमनं बाटलीकडे पाहिलं, मग गाडीकडे, शहरापासून सत्तर किलोमीटर आलेल्या गाडीकडे. तिचं तोंड आणखी लाल झालं, उन्हानं असेल. तिनं फायसनला मान हलवली. साहेबांनी वही काढून तारीख लिहिली आणि पुढे काय लिहावं ते न सुचून पेन तसंच धरलं.

आजीची कोंबडी इंजिनाच्या डब्यात नुसतीच बसून होती. एलुबी आजीनं तिला बाजूला केलं. "ऊठ बाई, तुझीही न घातलेली खपली नाहीतच."

मामानं कुलूप उघडून चाकातली साखळी ओढून काढली. चार बाटल्या टाकीत गेल्या. हँडल मारायला जोर लागतो, आणि कोणीतरी वरची कळ दाबून धरावी लागते. चाक वेगात आलं की सोडायची. हँडलला तामांदानी आणि मामी लागल्या. दाढ विसरली होती. कळ फालेसीच्या डोक्याच्या उंचीवर होती. तिनं हात उचलला. छातीपर्यंत आला, थांबला.

ती मामाकडे पाहत राहिली.

मामानं टोपी काढून खिशात ठेवली, पुढे झाला आणि अंगठ्यानं कळ दाबली.

"फिरवा," तो म्हणाला.

पहिल्यांदा इंजिनानं उचकी दिली. दुसऱ्यांदा शिंक. तिसऱ्यांदा चाक गरगरलं, फालेसी म्हणाली, "सोडा, मामा," मामानं अंगठा उचलला, आणि आंब्याची पानं हलवत काळा, जाड, भरगच्च धूर बाहेर पडला. बायकांनी जिभा हलवून आरोळी दिली ती पलीकडच्या काठावर ऐकू गेली म्हणतात. धूर काळा होता हे सगळ्यांनीच पाहिलं. तो चांगला आहे असं कुणी म्हणालं नाही.

पाहुणीच्याच थाळीतले दाणे पहिल्यांदा वरून ओतले. खालून पीठ आलं, सालासकट, पिवळसर, हाताला कोमट. कांडायला वेळच कुठे होता? कोंड्याचाच न्सिमा झाला. मॅडमनं बोटांनी गोळा केला, रश्श्यात बुडवला आणि खाल्ला. साहेब आधी नाही म्हणाले. मग तीनदा वाढून घेतला.

---

निघताना साहेबांनी फालेसीला बाजूला घेतलं. "हे तुम्हाला महाग पडेल. कागद आहे माझ्याकडे."

"कागद आणा, साहेब. या वेळी वाचून सही करते. त्यावर एवढंच लिहा, ज्या दिवशी तुमची उन्हावरची गिरणी येईल, त्याच गाडीतून आमचं इंजीन घेऊन जायचं. तोवर ते दळेल."

"असं लिहिता येत नाही."

"मग आमची झाडं मोजून घ्या, ती आम्ही तुमच्यासाठी लावली नव्हती. आणि पत्रे ठेवून घ्या."

मॅडम गाडीत बसण्यापूर्वी तामांदानीशी हात मिळवून गेली. तिनं काय लिहून घेतलं ते कुणाला कळलं नाही. बाटली मात्र तिनं मागितली होती, आठवण म्हणून. फालेसीनं दिली नाही. मीठ कशात ठेवायचं?

सोमवारीच पत्र आलं. दुसऱ्या खोलीचे पत्रे पुढील निर्णयापर्यंत स्थगित. मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं, आणि त्याच दुपारी सात बाया विळे घेऊन गवताला गेल्या. मामानं पत्र घेतलं, घडी करून खिशात घातलं, सायकल काढली आणि कुणाला काही न सांगता शहराच्या वाटेला लागला.

तो तीन दिवस आलाच नाही. गावात बोललं गेलं की माफी मागायला गेला. इंजिनाला साखळी नव्हती, पण टाकीतलं तेल शुक्रवारीच संपलं होतं. बायकांचे टब तिथंच होते, आंब्याखाली, रांगेत, मक्यानं भरलेले. बुधवारी संध्याकाळी एक-दोघींनी उचलायला हात घातला.

"राहू द्या," फालेसी म्हणाली. "मी उद्या नदीपलीकडे जाणार नाही."

"खाशील काय?"

"उकडून खाईन. दाणे कसे लागतात ते मॅडमला ठाऊक झालंय, मलाही होऊ दे."

गुरुवारी सकाळी तामांदानी शाळेत गेली. हजेरीत मास्तरांनी तिचं नाव दोनदा पुकारलं, सवय नव्हती म्हणून.

नऊच्या सुमाराला मामा आला. तीन दिवसांची दाढी, सायकलच्या मागे पिवळा कॅन दोरीनं बांधलेला, आणि हँडलवर घरून उचललेला मक्याचा टब. पंपावर दोन रात्री रांगेत झोपला होता असं नंतर कळलं. मुखियानं डोक्यावर वाहायचं नसतं, दळणाच्या रांगेला तर उभंच राहायचं नसतं. त्यानं कॅन फालेसीपुढे ठेवला, खोकला, आणि आपला टब उचलून सगळ्यांच्या पुढे, थेट इंजिनाशी नेऊन ठेवला.

फालेसीनं कॅनचं बूच काढलं, वास घेतला, टाकीत ओतायला लागली. तिनं वरही पाहिलं नाही.

"रांग मागून आहे, मामा," ती म्हणाली.

मामा वाकला, टब उचलला, एलुबी आजीच्या मागे जाऊन ठेवला आणि शेजारी उकिडवा बसला.

"कळ कोण धरणार?" त्यानं तिथूनच विचारलं.

"तुम्हीच धरा," फालेसी म्हणाली. "नंबर तेवढा सोडू नका."